राजवीरचा पेला

मित्रांनो, एकाच बादलीत सगळे पेले बुचकळून बनाबाईंना काय मिळत होतं? कोपऱ्यावरच्या नळापर्यंतच्या फेऱ्या वाचायच्या आणि गिऱ्हाईक ताटकळायचं नाही. नफा एवढाच.

मी एक जुना पितळी पेला आहे, मंगळवार पेठेतल्या बनाबाईंच्या दूध कट्ट्यावरचा. तांबटाच्या हातोडीखाली घडलो, आतून कल्हई लागली आणि थेट म्हशीपाशी आलो. इथं धार पेल्यात आणि पेला लगेच ओठाला. सगळ्यांत मोठा मीच, म्हणून पैलवान राजवीर रोज मलाच उचलायचा. त्याच्या खरखरीत तळव्याला तालमीच्या तांबड्या मातीचा वास यायचा.

"मावशी, काठोकाठ भरा. जत्रंचं कुस्तीचं मैदान जवळ आलंय."

"भरतो की. पोट हाय का हौद?"

त्याचे आजोबा गणपतराव एकदा म्हणाले, "बनाबाई, पेला नळाखाली धर की. बादलीतलं पाणी बघ जरा."

"सडातलं ताजं दूध हाय, आबा. त्यात कुठला रोग शिरतोय?"

दूध ताजंच होतं. पण कुणा आजाऱ्याच्या न धुतलेल्या हातावरचे टायफॉइडचे जंतू बादलीत उतरले आणि माझ्या काठावरून राजवीरच्या पोटात गेले.

ताप रोज चढत गेला. डोकं दुखे, अन्न नको वाटे. तालमीतले सोबती म्हणत, "जोर जास्त झालं असतील." शेवटी रक्त तपासलं, तेव्हा रोग कळला. गोळ्यांनी ताप उतरला, तसा गडी कट्ट्यावर हजर.

"गोळ्या संपल्या व्हय रे?" बनाबाईंनी विचारलं.

"ताप गेला, मग गोळ्या कशाला? मैदान काय थांबतंय व्हय?"

त्यानंतर तो आलाच नाही. ताप उलटला, आतड्याला भोक पडलं, ऑपरेशन करावं लागलं. मैदानादिवशी गणपतराव एकटेच आले.

"जीव वाचला. कुस्ती यंदा न्हाय. पुढचं डॉक्टरबी सांगंनात."

बनाबाई बादलीकडं बघत राहिल्या.

आता त्या प्रत्येक पेला नळाखाली साबणानं धुतात, दूध उकळूनच देतात. नातवंडांना टायफॉइडची लसही टोचून आणली. मला मात्र फळीवर पालथं ठेवलंय. कुणी हात घातला की म्हणतात, "त्यो न्हवं. त्यो राजवीरचा हाय."

मित्रांनो, हात धुवा, पाणी उकळून प्या, आणि ताप उतरला तरी डॉक्टरांनी दिलेली शेवटची गोळीही घ्या. संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहिल्या की मी अजून त्या तळव्याची वाट बघतो.

फेऱ्या वाचल्या बनाबाईंच्या. किंमत मोजली राजवीरनं.