यूअनला लागलेली काळजी

स्टेनविक गावात देवाने एखाद्याला धरलं, की लोक म्हणत, त्याला काळजी लागली. मग त्या माणसाची दारू सुटायची, बुधवारची प्रार्थनासभा चुकायची नाही, आणि तोंड असं व्हायचं की जणू त्याची होडी बुडाली आहे. नवं वर्ष उलटल्यावर मार्सलीच्या नवऱ्याला, यूअनला, काळजी लागल्याचं गावभर झालं. एकट्या मार्सलीचा विश्वास बसेना.

तिच्याकडे कारणं होती. यूअन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पायाने चालवायच्या मागावर लोकरीचं कापड विणायचा. लुईस बेटावरच्या विणकरांच्या बायकांना नवरा दिसावा लागत नाही; माग वाजतोय तोवर तो कामावर आहे. हल्ली चहानंतर माग थांबायचा. धागा तुटला, तर तो जोडून माग लगेच सुरू होतो. कांडी बदलायलाही वेळ लागत नाही. हे थांबणं लांबलचक होतं. आणि त्या शेडमध्ये पूर्वी यूअनच्या बाटल्या असायच्या.

तिने लोकरीची पोती उपसली. सरपणासाठी रचलेला पीटचा, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांचा, ढीग चाचपला. खुराड्याच्या छपरात हात घातला. काही नाही. रात्री तो झोपल्यावर त्याच्या तोंडाचा वास घेतला, तर कांदा आणि खारवलेला हेरिंग मासा. म्हणजे बाटली नव्हती. तिचा संशय त्याने कमी झाला नाही, उलट वाढला. दारू नाही, तर मग ढोंग असणार.

कारण हे असं होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवा जन्म माणसाने घ्यायचा नसतो, तो मिळतो. देव द्यायचा त्याला देतो. स्टेनविकच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, येशूच्या आठवणीने भाकरी आणि द्राक्षारस घ्यायच्या, मेजाशी मोजकीच माणसं बसत. बाकीचे, चांगले नेमाने चर्चला येणारे लोक, जन्मभर मागच्या बाकांवर बोलावण्याची वाट बघत. मार्सलीही बघत होती, अगदी वेणी घालायच्या वयापासून. तिला ते इतकं हवं होतं की त्या हवं असण्याचीच तिला शंका यायची. स्वतःच्या इच्छेने पुढे जाणारा तो चोरच. म्हणून ती कधी पुढे गेली नाही. आणि प्रवचनात घोरणाऱ्या यूअनला मात्र बोलावणं?

एका दुपारी माग थांबला तशी ती कोंबड्यांच्या दाण्याची बादली घेऊन शेडमागे गेली आणि पत्र्याला कान लावून उभी राहिली. आत यूअन कुणाशी तरी भांडत होता.

"मला सोड," तो म्हणत होता. "माझं बरं चाललं होतं. मी तुला बोलावलं नव्हतं. कुणीतरी हवंच असेल, तर आत स्वयंपाकघरात एक बसलीय, लहानपणापासून तुझी वाट बघतेय. तिला ने. माझ्या मागे का लागलास?"

मार्सली बादली तशीच ठेवून घरात आली. तिला राग आला होता. बाजारात वासरू दाखवावं तसं याने आपल्याला दाखवलं. 

प्रभुभोजनाचा आठवडा आला. गावोगावचे पाहुणे घरात भरले, मटणाचा रस्सा चुलीवरून उतरेना. गुरुवारी उपासाचा दिवस, सगळे माग बंद. शुक्रवारी प्रश्नाचा दिवस. त्या दिवशी पाळकसाहेब बोलत नाहीत. चर्चच्या मंडळीतला एखादा म्हातारा उठून प्रश्न टाकतो, आणि अनुभवी पुरुष एकेक करून उत्तर देतात. यंदाचा प्रश्न होता, देवाने आणलेला माणूस आणि स्वतःच्या हट्टाने आलेला माणूस ओळखायचा कसा.

बऱ्याच जणांनी बरंच सांगितलं. कुणी अश्रूंबद्दल बोललं, कुणी शांतीबद्दल. शेवटी एक धनगर उठला. तो म्हणाला की कळपात काही मेंढ्या चालत येतात, काही खांद्यावर टाकून आणाव्या लागतात, आणि आणताना लाथा झाडतात. चालीवरून काही कळत नाही. मालक कानाची खूण बघतो, आणि ती खूण मेंढीला स्वतःला कधीच दिसत नाही. मार्सलीला हे उत्तर आवडलं नाही. तिला दिसेल अशी खूण हवी होती.

संध्याकाळी टॉर्कल जेवायला आला. हा मंडळीतला सगळ्यांत जुना वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. रविवारच्या भोजनाला बसता यावं म्हणून लागणारे बिल्ले शनिवारी कुणाला द्यायचे ते पाळकसाहेब आणि हे वडील ठरवत. टॉर्कल बिल्ला मागायला आलेल्यांना दारातून परत पाठवण्याबद्दल प्रसिद्ध होता. जेवण झाल्यावर तो पीट आणायच्या निमित्ताने तिच्यामागून बाहेर आला. यूअनला उद्या बिल्ल्यासाठी ये म्हणून सांगितलंय, म्हणाला. पण बायकोला जे माहीत असतं ते मंडळीला नसतं.

"तुझा विश्वास आहे त्याच्यावर?"

"नाही, टॉर्कलकाका."

"पितो?"

पितो म्हटलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिने हातातला पीट खाली ठेवला.

"नाही. शोधलं मी. तो शेडमध्ये देवाशी भांडतो. मला सोड म्हणतो."

"आणि तू? तुला कधी पाहिलं नाही मी त्या दारात."

"मला बोलावणं नाही."

"कशावरून?"

"मला ते फार हवंय, म्हणून. ज्याला हवं असतं त्याचं ते स्वतःचं असतं, देवाचं नसतं."

"असं होय," टॉर्कल म्हणाला. "मग ते हवं असणं तुला कुणी दिलं, पोरी? तुझ्या आईने?"

रात्रभर ती त्या वाक्याला उलटून पालटून बघत राहिली. म्हातारा हे प्रत्येक बाईला म्हणत असेल. सांत्वन असेल. किंवा आपल्याला हवंय ते देवासाठी नसेल, यूअनला मिळतंय म्हणून असेल. तिने प्रामाणिकपणे तपासलं, तर दोन्ही सापडलं. मत्सर होता. त्याच्याखाली ते जुनं हवं असणंही होतं, आणि ते तिने केलेलं नव्हतं. ते कधी सुरू झालं, हेच तिला आठवेना.

शनिवारी यूअन रश्श्यात चमचा बुडवून नुसता बसला होता. टॉर्कलला काय सांगितलं ते तिने त्याला सांगून टाकलं. ऐकत होतीस का, यावर तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो वेगळ्याच गोष्टीवर चिडला.

"दारूचं नाही सांगितलंस?"

"पीत नाहीस तर काय सांगू?"

"मी तुझ्यावर भिस्त ठेवून होतो, बाई. म्हटलं, ही माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढायची नाही. टॉर्कल मला दारातूनच हाकलेल, आणि मी सुटेन. इतकी वर्षं संशय घेतलास, आणि आज नेमकं खरं बोलायचं सुचलं."

तिला हसू आलं, पण त्याचं तोंड बघून ते आतच राहिलं. हा माणूस ढोंग करत नव्हता. ढोंग करणारा इतका घाबरत नाही. त्याने काळा कोट अंगात चढवला आणि कुणी मागून ढकलावं तसा बाहेर पडला.

मार्सलीने भांडी घासायला घेतली, आणि अर्धी झाल्यावर डोक्याला टोपी घालून तीही निघाली. यूअन पुढे फार हळू चालला होता, कुणीतरी परत बोलावेल या आशेने. तिने त्याला हाक मारली नाही, गाठलंही नाही. चर्चमागे वडील बसले होते त्या खोलीत तो शिरला आणि दार लागलं. ती वाऱ्यात उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. त्याची मूठ घट्ट मिटलेली होती, बिल्ल्याची कड तेवढी बोटांतून दिसत होती. तिला तिथे बघून तो थबकला, मग घराच्या वाटेला लागला.

दारात टॉर्कल उभा होता. "नवऱ्याला घ्यायला आलीस?"

"नाही," मार्सली म्हणाली. "पण का आले ते विचारू नका. मला स्वतःवर अजून भरवसा नाही."

"आम्हालाही नाही," टॉर्कल म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला. "ये. आत बसून बघू."