शीतलबाबाचं तीर्थ आणि बाकांचं टेंडर

गुरुवारी सकाळी लकडगंजातल्या त्या लाकडाच्या वखारीपुढे चपलांचा एवढा ढीग पडायचा, की आपली जोडी परत मिळाली तर तोही बाबाचाच चमत्कार म्हणायचा. आत ठेकेदार बसलेले. प्रत्येकाच्या मांडीवर लाखेची मोहोर लावलेलं टेंडरचं पाकीट, बारशाला आणलेल्या लेकरासारखं जपून धरलेलं.

"सरकारचा दरवाजा कोण उघडते?" शीतलबाबा गरजायचा.

"बाबा!"

"साहेबाची सही कोण करवते?"

"बाबा!"

मग एकेक पाकीट पुढे जायचं. बाबा पितळेच्या वाटीतल्या तीर्थात कापूस बुडवून तो पाकिटावरून फिरवायचा, ते पडद्याआडच्या देवीपुढे न्यायचा आणि दोन मिनिटांत परत आणायचा. पाकीट बर्फासारखं गार, मोहोर शाबूत. "देवीनं हात ठेवला!" लोक पुटपुटायचे. नियम तीनच. दराचा आकडा ठळक लिहा. तो कागदाच्या बाहेरच्या घडीवर ठेवा, म्हणजे देवीला वाचायला सोपं जाईल. आणि दिवा, अगरबत्ती आत आणू नका, देवीला ऊब सोसत नाही. डोळे अधू झालेली देवी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

माझा नवरा देवराव शाळांचे बाक बनवतो. चार सुतारांचा छोटा कारखाना. रंधा स्वतः मारतो, मध्ये दलाल नाही, म्हणून दर नेहमी कमी. तरी बाबाकडे जायला लागल्यापासून दोन वर्षं बाकांचं काम भैय्याजी ठेकेदारालाच गेलं. एकदा बाकामागे पाच पैशांनी, एकदा दोन पैशांनी.

"माहीच भक्ती कमी पडून राहिली," देवराव म्हणायचा.

शहात्तर सालचं टेंडर शेवटचं होतं. तेही गेलं तर कारखान्याला कुलूप, चार सुतार चार वाटांना, आणि देवराव कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशाच्या मजुरीवर.

माझी सासू बायजाबाई. छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव स्वतःच्या हातांनी नागनदीत सोडून आलेली बाई. ती पोराला म्हणाली, "काहून गा, मी दगडाचे देव टाकले अन् तू हाडामासाचा उचलून आणला? दगड तरी चूप राहे!"

मला देवरावचा राग आला नाही. राग आला तो त्याच्या घामावर कापूस फिरवणाऱ्या त्या लबाडाचा.

त्याच आठवड्यात आमच्या सात महिन्यांच्या ताराला लस टोचायला नेलं. इंदुताई नर्सनं तिच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. गार लागताच तारानं खालचा ओठ काढला आणि सुई यायच्या आधीच भोकाड पसरलं. तिला उराशी घेताना माझ्या कोपरानं बाटली कलंडली. स्पिरिट तिच्या कार्डाच्या पाकिटावर सांडलं, आणि आतलं नाव बाहेरून लख्ख दिसायला लागलं. ताराचे हुंदके थांबेपर्यंत कागद वाळून पुन्हा पांढरा झाला. डाग नाही, सुरकुती नाही.

"ताई, हे असं नेहमी होते?"

"होते ना वं. स्पिरिटनं कागद काचेसारखा होते. उडून गेलं का जसाच्या तसा."

"याच्याजवळ दिवा चालते?"

"येडी का तू? भडकन पेटन!"

दुपारी देवरावपुढे तेच करून दाखवलं. तो बराच वेळ कागद उलटापालटा करत राहिला.

"पण तीर्थाले कापराचा वास येते."

"स्पिरिटचा वास झाकाले टाकत असन कापूर. देवी नाही वाचत तुमचा दर, बाबा वाचते. अन् कचेरीतली टेंडरची पेटी बंद व्हायच्या आधी कोणाले तरी सांगते."

देवराव हळूच म्हणाला, "भैय्याजी सगळ्यात शेवटी पेटीत पाकीट टाकते."

हे तो स्वतःच म्हणाला. मला तेवढंच हवं होतं.

गुरुवारी त्यानं दोन पाकिटं केली. बाबाकडे नेलं त्यात दर होता एकोणपन्नास रुपये सदतीस पैसे. पेटीत टाकलं त्यात शेहेचाळीस रुपये, पेन्सिल झिजेपर्यंत हिशेब करून काढलेले.

तीन वाजता कचेरीत टेंडरं उघडली. मी ताराला कडेवर घेऊन दाराशी उभी. साहेब वाचत गेले. एकाचे बावन्न, एकाचे त्रेपन्न.

"भैय्याजी, एकोणपन्नास रुपये पस्तीस पैसे."

भैय्याजी हसून उठायला लागले.

"देवराव, शेहेचाळीस रुपये."

भैय्याजी पुन्हा बसले. मी पुढे झाले. "भैय्याजी, हे पस्तीस पैसे कुठून आणले?"

"अनुभव आहे, वहिनी. चाळीस वर्षांचा."

मी बाबानं आशीर्वाद दिलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर मोहोर फोडली आणि आकडा वाचला. सदतीस पैसे! खोलीत कोणीतरी खुदकन हसलं, आणि दहा-बारा ठेकेदार उठून तडक लकडगंजाकडे निघाले.

वखारीतला पडदा ओढला तर मागे देवी नव्हतीच. काच बसवलेला एक खोका, आत जळणारा बल्ब, आणि औषधांच्या दुकानातली स्पिरिटची बाटली. "देवीनं रूप पालटलं," बाबा बरळला. लोकांनी त्याच्यापुढेच कापूस बुडवला, जवळच्या पुढल्या कामांच्या बंद पाकिटांवर फिरवला, ती काचेवर धरली आणि एकमेकांचे दर मोठ्यानं वाचले. ते वाचून होईपर्यंत बाबा मागच्या दारानं गेला. वाटी मात्र घेऊन गेला.

तरी एकजण मला म्हणालाच, "पण वहिनी, मागल्या साली नालीचं काम मले बाबानंच देलं ना?"

"त्या नालीत भैय्याजीले गोडी नव्हती, भाऊ. दहाजण पाकीट टाकतात तर एकाले काम भेटतेच. भेटलं तर बाबाची कृपा, गेलं तर तुमची भक्ती कमी. असा धंदा कधी बुडते का?"

त्याला पटलं की नाही, ठाऊक नाही. तीनशे बाक मात्र आमच्या कारखान्यात झाले, चारही सुतारांच्या हातचे, आणि त्यातला एकही बाबानं गार केलेला नव्हता.

वाटी घेऊन गेलेला माणूस कुठंतरी बसलाच असेल. तुमच्या गावात कोणी बंद पाकिटावर गार तीर्थ लावत असेल तर पाया पडू नका. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. थोडं स्पिरिट आणा, विस्तव आणि लेकरं लांब ठेवा, एका पाकिटावर लावा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.