गवतावरचा ग्लोव्ह

व्हर्लिन स्ट्राउडचा उभा जन्म बेसबॉलच्या मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात, उंच उडालेले चेंडू झेलण्यात गेला. आज या गावाचा संघ, उद्या त्या. पगार बेताचा, प्रवास खटारा बसचा, आणि नाव म्हणाल तर कॅन्ससबाहेर कुत्रं ओळखत नव्हतं. चौतिशी उलटली तेव्हा बायकोनं, लूडीनं, निर्वाणीचं सांगितलं. रविवारी मोठ्या संघाचा माणूस खेळाडू हेरायला येतोय. त्यानं उचललं तर ठीक, नाहीतर माझ्या भावाच्या पेंडीच्या दुकानात रुजू व्हायचं. व्हर्लिननं मान डोलावली.

रविवारी तो माणूस गवती हॅट घालून पहिल्या रांगेत बसला.

त्या काळी रीतच होती, आपल्या संघाची फलंदाजी आली की लांब उभे राहणारे आपापले ग्लोव्ह तिथंच गवतावर टाकून यायचे. परत तिथंच तर जायचं, उगाच ओझं कशाला वागवा? व्हर्लिनही टाकून आला आणि बॅट घेऊन उभा राहिला.

आणि काय मारला म्हणता! चेंडू सणसणत डाव्या कोपऱ्यात गेला. व्हर्लिन खाली मान घालून, जीव खाऊन पळाला, पहिला बेस, म्हणजे पळताना गाठायचा टप्पा, ओलांडून दुसऱ्याकडे. तिकडे चेंडू गवतातल्या एका ग्लोव्हवर आपटला आणि जागीच थांबला. कुणाचा ग्लोव्ह? खुद्द व्हर्लिनचा! तिथल्या गड्यानं तो उचलून फेकला, आणि व्हर्लिन दुसऱ्या बेसवर पोचला तेव्हा चेंडू त्याची वाट बघत होता. आउट.

लोक पोट धरधरून हसले. हॅटवालाही हसला, त्यानं डोळे पुसले आणि थोड्या वेळानं उठून गेला.

पुढच्या डावात व्हर्लिन कोपऱ्यात गेला. त्याला वाटलं, लाथ घालावी त्या मेल्या ग्लोव्हला. पण इतकी वर्षं त्याच कातड्यानं भाकरी दिली होती. त्यानं तो उचलला, माती झटकली, आणि कुंपणापाशी धावत जाऊन एक झेल घेतला, नेहमी घ्यायचा तसाच. डाव संपला. बाकीच्यांनी ग्लोव्ह गवतावर फेकले. व्हर्लिन मात्र बगलेत मारून आला.

मॅनेजर होल्कम हसला. "का रे बाबा, आता शहाणपण सुचलं होय?"

"तसं नाही," व्हर्लिन म्हणाला. "परत जायचं असलं तर ठेवायचा तिथं."

होल्कमचं हसू मावळलं. व्हर्लिन कठड्यापाशी सामना बघत बसलेल्या लूडीकडे गेला आणि ग्लोव्ह तिच्या हातात दिला. उन्हाळाभर हेच मागणारी लूडी त्या ग्लोव्हकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"जा, ठेवून ये तिथं," ती म्हणाली. "अजून दोन डाव आहेत."