बर्फावरून घसरली

फ्रिजच्या खाली हात घालून अनुयाने दाताचा तुकडा चाचपला आणि बाहेर ओढला. त्याला धूळ चिकटली होती. ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. ओठातलं रक्त हनुवटीवरून ओघळून खाली पडत होतं आणि तोंडाने श्वास घेतला की उरलेल्या दातातून थेट डोक्यात सणक जात होती.

पृथ्वीराज ओट्याला टेकून उभा होता. त्याने उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली. मग पेपर टॉवेल फाडून नळाखाली ओला केला आणि तिच्यासमोर धरला.

"दाबून धर," तो म्हणाला. "थांबेल."

शेगडीपाशी त्याची आई, प्रमोदिनीबाई, पोळ्या करत होत्या. लाटणं त्यांच्या हातात तसंच राहिलं होतं. तव्यावरची पोळी जळाली, स्वयंपाकघरात धूर झाला आणि छतावरचा अलार्म कर्कश वाजू लागला. पृथ्वीराजने खुर्ची ओढली, वर चढून अलार्म उपटला आणि भिंतीवर असा आपटला की त्याचे तुकडे सिंकमध्ये जाऊन पडले. त्यानंतर घर अगदी शांत झालं.

झालं होतं एवढंच. दात साफ करून घेण्यासाठी अनुयाने अपॉइंटमेंट घेतली होती आणि दुपारी क्लिनिकमधून फोन आला, की तुमचा इन्शुरन्स बंद झालेला दिसतो. पृथ्वीराजची नोकरी ऑक्टोबरात गेली होती. कॅनडात, विनिपेगमधल्या त्याच्या कंपनीने अख्खी टीमच काढून टाकली होती. अनुया एका डेकेअरमध्ये अर्धवेळ काम करायची, तिथे इन्शुरन्स नव्हता. फोन ठेवल्यावर तिने नेटवर वाचलं. कंपनीचा प्लॅन संपल्यावर ठरावीक मुदतीत अर्ज केला, तर पुष्कळ विमा कंपन्या फारसं काही न विचारता तुम्हाला स्वतःचा प्लॅन देतात. रात्री ताटं घेताना तिने विचारलं, "पृथ्वी, आपली ती मुदत गेली का रे?"

मुदत गेली होती. त्याने उलटा हात फिरवला आणि तिचं तोंड फ्रिजच्या हँडलवर आपटलं.

हात त्याने आधीही उचलला होता. पण नोकरी होती तोवर चेहरा सोडून.

जेवणं झाली नाहीत. तासाभराने तो लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला. नवीन गाडी घेताना जसा बसायचा, तसाच. एकेक प्लॅन उघडून तो तिला समजावून सांगू लागला. आवाज मऊ होता. मध्येच उठून त्याने तिच्या पाठीमागे उशी ठेवली. मोठ्या कामांसाठी सगळीकडे वर्षभर थांबावं लागत होतं. आधीचं दुखणं कुणीच घेत नव्हतं. पण एका प्लॅनमध्ये अपघाताने दात तुटला तर पहिल्या दिवसापासून पैसे मिळणार होते, आणि तो प्लॅन एक तारखेपासून सुरू होत होता.

"म्हणजे एक तारखेला पडायचं," तो म्हणाला. "बर्फावरून लोक रोज पडतात इथे. कोण विचारतंय?"

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत थोडं सहन कर. मी करतोय ना तुझ्यासाठीच."

त्याने तिच्याच फोनवरून डेकेअरला फ्लू झाल्याचा मेसेज पाठवला आणि फोन आपल्या खिशात ठेवला.

ते दिवस अनुयाने तोंड मिटून काढले. दाताच्या मधोमध एक लाल ठिपका उघडा पडला होता. त्याला पाणी लागलं तरी ती कळवळायची, नुसती हवा लागली तरी. प्रमोदिनीबाई तिला भाताची पेज करून द्यायच्या, कोमट, आणि ती डोकं एका बाजूला कलवून चमच्या-चमच्याने गिळायची. प्रमोदिनीबाई कराडहून मुलाकडे आल्याला चार-पाच महिने होत आले होते. सुनेच्या दंडावरचे काळेनिळे डाग त्यांनी पाहिले होते आणि पाहिले नाहीत असं दाखवलं होतं. अशा वेळी त्या आपल्या खोलीत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवत. या वेळी मात्र त्या स्वयंपाकघरातच होत्या, हातभर अंतरावर.

पृथ्वीराज रोज तिची तयारी करून घेत होता. कुठे पडलीस, कशी पडलीस, आधी काय आपटलं. तिसऱ्या दिवशी अनुयाला ताप चढला होता. तो विचारत होता आणि तिचं लक्ष लागत नव्हतं.

"पायऱ्यांवरून," ती म्हणून गेली.

त्याने डाव्या हाताने तिचा जबडा पकडला आणि उजव्या हाताचा अंगठा तोंडात घालून तुटलेल्या दातावर दाबला. अनुयाच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. पाय खुर्चीच्या पायांवर आपटत होते ते तिचेच, हे तिला कळत नव्हतं.

"ड्राइव्हवे," तो सावकाश म्हणाला. "बर्फ. तोंडावर. म्हण."

"पृथ्वी, सोड तिला."

एवढंच बोलल्या प्रमोदिनीबाई, तेही हळू. त्याने सोडलं. शेगडीकडे गेला, वरणाचं पातेलं उचललं आणि आईच्या मागच्या भिंतीवर फेकलं. उकळतं वरण त्यांच्या हातावर आणि मानेवर उडालं. त्या ओरडल्या नाहीत. साडीचा पदर झटकत तशाच उभ्या राहिल्या. पातेलं बराच वेळ फरशीवर गरगरत होतं.

"बघ," तो धापा टाकत आईला म्हणाला. "बघ, काय करायला लावता तुम्ही मला."

मग त्याने स्वतःच भिंत पुसली. मलम आणून आईच्या हाताला लावलं. त्याचे डोळे भरून आले होते. नोकरीसाठी किती अर्ज केले, कुणी साधं उत्तर देत नाही, हे तो मलम लावता लावता सांगत राहिला. त्या ऐकत होत्या आणि त्याच्या डोक्यावरून बघत होत्या.

एक तारखेला सकाळी हवा इतकी गार होती की खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरला होता. पृथ्वीराजने बादलीभर पाणी नेऊन गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर ओतलं. बघता बघता त्याची काच झाली. समोरच्या घराच्या दारावर कॅमेरा होता. त्यात दिसलं तर पुढे प्रश्नच नको, असं त्याचं म्हणणं. त्याने अनुयाला जॅकेट चढवायला लावलं आणि गॅरेजमधून बाहेर पाठवलं.

ती बर्फाशी जाऊन उभी राहिली. गार हवा दातात शिरू नये म्हणून तिने स्कार्फ तोंडावर दाबून धरला होता. मुद्दाम पडायचं कसं, ते तिला कळेना. एक पाय पुढे टाकला, परत घेतला.

"अगं, पड ना," गॅरेजमधून आवाज आला.

तिने मान हलवली. नाही म्हणून की जमत नाही म्हणून, तिलाही सांगता आलं नसतं. मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी पृथ्वीराज बर्फाचं फावडं घेऊन उभा होता. त्याने दांडा तिच्या गुडघ्यांमागे मारला. ती पुढे फेकली गेली, मनगट खाली आलं आणि काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. गाल बर्फाला लागला. ओठ पुन्हा फाटला आणि बर्फावर लाल रंग पसरला.

"छान," तो हलकेच म्हणाला. "आता उठू नकोस लगेच."

प्रमोदिनीबाई पुढच्या खोलीच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी फावडं पाहिलं. गाडी गॅरेजमधून निघायच्या आत त्या बूट, कोट, टोपी घालून मागच्या सीटवर येऊन बसल्या होत्या. या देशात आल्यापासून त्यांनी स्वतःहून कुठे यायचं म्हटलं नव्हतं. पृथ्वीराजने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"तू कशाला?"

"तिला धरायला कुणीतरी नको?" त्या म्हणाल्या.

क्लिनिकमध्ये काउंटरवर तोच बोलला. नव्या प्लॅनचा नंबर दिला, पत्नी सकाळी बर्फावरून कशी घसरली ते सफाईदार इंग्लिशमध्ये सांगितलं, थोडा हसलाही. आत पेशंटबरोबर एकालाच येता येईल, असं असिस्टंट म्हणाली. तो उठला, पण प्रमोदिनीबाईंनी सुनेचा दंड आधीच धरला होता. आईला इंग्लिश येत नाही, असं त्याने सांगून पाहिलं. डॉक्टर गिलना हिंदी येतं, काळजी करू नका, असं म्हणत असिस्टंटने दार लावून घेतलं.

डॉक्टर गिल पन्नाशीच्या होत्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, आरसा तोंडात धरला आणि एकेक जागा निरखून पाहिली. ओठावर आजची जखम होती आणि तिच्याखाली सुकलेली जुनी. हिरडी सुजून पू धरला होता. जबड्याच्या एका बाजूला चार पिवळट डाग होते, दुसऱ्या बाजूला एक. त्यांनी मास्क खाली केला आणि हे कधी झालं, असं हिंदीत विचारलं.

"आज सुबह," अनुया म्हणाली. "बर्फ पर. ड्राइव्हवे में."

तिने ते अगदी पाठ केल्यासारखं म्हटलं आणि छताकडे बघत राहिली.

"बर्फ नहीं था, डॉक्टर."

प्रमोदिनीबाई भिंतीशी कोट हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांचं हिंदी मोडकं होतं, पण आवाज कापत नव्हता.

"मेरे लडके ने मारा. पिछले हफ्ते, घर में. मेरे सामने. आज वापस गिराया."

डॉक्टरांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"मेरे भी ऐसेच गये," प्रमोदिनीबाईंनी आपल्या वरच्या ओठावर बोट टेकवलं. "इसके बाप ने. मैंने सबको बोला, न्हाणी में गिर गयी."

अनुयाने मान वळवली. सासूबाईंची वरची कवळी तिला लग्नापासून ठाऊक होती. तरुणपणी त्या न्हाणीघरात पडल्या, हे पृथ्वीराजनेच तिला सांगितलं होतं, आणि तेव्हा तो दाराशीच उभा होता असंही.

डॉक्टर उठल्या, दाराची कडी लावली आणि फोन उचलला. त्या हळू आवाजात पोलिसांशी बोलत असतानाच बाहेरून हँडल फिरलं. एकदा, मग जोरात. इतका वेळ का लागतोय, असं पृथ्वीराज विचारत होता. कुणीतरी त्याला बसायला सांगत होतं. मग त्याने दारावर हात मारला.

"आई. बाहेर ये."

प्रमोदिनीबाईंनी चाकांचं स्टूल दाराला लावलं आणि दाराला पाठ टेकून त्यावर बसल्या. पहिली लाथ बसली तशा त्या पुढे हिंदकळल्या. पाय फरशीवर घट्ट रोवून पुन्हा मागे रेलल्या. दुसरी लाथ, तिसरी. ट्रेमधली अवजारं खणखणत होती. बाहेर काच फुटल्याचा आवाज आला, एक बाई ओरडली. तो आता मराठीत शिव्या देत होता, आईला आणि बायकोला एकाच दमात. प्रमोदिनीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. भाजलेल्या मानेवरचा फोड फुटून पाणी पदरात झिरपत होतं. पोलीस येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

त्याला बाहेर नेताना तो शांत झाला होता. माझ्याकडे इन्शुरन्स आहे, मी पैसे भरलेत, एवढंच तो पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगत होता.

पोलिसांनी दोघींचं म्हणणं लिहून घेतलं. मग डॉक्टरांनी अनुयाचा दात बधिर केला आणि आतली शीर काढली. कितीतरी दिवसांनी दुखायचं थांबलं, तेव्हा तिला रडू फुटलं. मनगटासाठी हॉस्पिटलमध्ये जावं लागणार होतं. काउंटरवर फुटलेल्या काचा झाडल्या जात होत्या. बिल नव्या प्लॅनकडे पाठवू का, असं रिसेप्शनिस्टने विचारलं. अनुया नाही म्हणाली. ज्यांना कुठलाच इन्शुरन्स नाही त्यांच्यासाठी सरकारी प्लॅन असतो, त्यात बसता का पाहू, ती म्हणाली. पण त्यात नवऱ्याचं उत्पन्नही विचारतात. मग ती जरा अडखळली.

"तुम्ही एकत्र राहता?"

"नाही," अनुया म्हणाली. बधिर ओठामुळे शब्द नीट फुटला नाही, म्हणून तिने तो पुन्हा म्हटला.

त्यांना न्यायला ईशिता आली. ती अनुयाबरोबर डेकेअरमध्ये काम करायची. क्लिनिकच्या फोनवरून अनुयाने तिला बोलावलं होतं. तिने अनुयाला धरून मागच्या सीटवर बसवलं, मनगटाखाली आपली शाल घडी करून ठेवली. आधी हॉस्पिटल, मग माझ्या घरी, ती म्हणाली. प्रमोदिनीबाई गाडीबाहेर उभ्या होत्या. पार्किंगमध्ये पृथ्वीराजची गाडी रिकामी उभी होती. घराची एक किल्ली त्यांच्याजवळही असायची.

"काकू," ईशिताने जपून विचारलं, "तुम्हाला कुठे सोडू?"

प्रमोदिनीबाई पलीकडच्या बाजूने येऊन अनुयाशेजारी बसल्या, दार ओढून घेतलं आणि बेल्ट पुढे ओढला. जाड कोटावरून तो काही केल्या लागेना. अनुयाने धडधाकट हात पुढे केला आणि लावून दिला.