जेवताना शटल कुठे बसतं

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सरलाबाईंच्या ताटातली वरणाची वाटी उलटली. वरण गरम होतं. ते त्यांच्या डाव्या पावलावर सांडलं. वाटी उलटवणारं कुत्र्याचं तीन महिन्यांचं पिल्लू भाकरीचा चतकोर तोंडात धरून पलंगाखाली गेलं. आठवड्यातली ही चौथी वेळ.

डिंडोलीतल्या त्या दोन खोल्यांत जेवायला सगळे जमिनीवरच बसत. त्यामुळे पिल्लाचं तोंड आणि माणसांची ताटं एकाच उंचीवर यायची. सरलाबाईंनी पायावर पाणी ओतून घेतलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पंडितला उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्याने थोडंसं. म्हणून घरात त्याच्याशी बोलायचं ते तोंडासमोर येऊन आणि ओरडून.

"आते बस. रविवारे शालिग्राम येई राह्यना. त्यान्हा समोर हे गपचूप बसनं ते ऱ्हावू द्या. नही ते तो लई जाई चलथाणले."

शालिग्राम सरलाबाईंचा धाकटा भाऊ. चलथाणला साखर कारखान्याजवळ राहायचा. दारात जागा होती, आणि कुत्र्याला तो नाही म्हणणार नव्हता.

पंडितने ओठांवरून सगळं वाचलं. मान हलवली. हे नाकारण्यासारखं नव्हतं. बायकोच्या पावलावर फोड दिसत होता.

एकतीस वर्षं त्याने एकाच कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले होते. दोन महिन्यांपूर्वी मालकाने जुने लूम भंगारात काढले, नवी यंत्रं आणली आणि नव्या यंत्रांना निम्मी माणसं पुरली. कामाच्या शेवटच्या दिवशी सुताच्या बॉबीनच्या रिकाम्या खोक्यामागे हे पिल्लू सापडलं. लूममधल्या धोट्यासारखं इकडून तिकडे, तिकडून इकडे एकसारखं पळत होतं, म्हणून नाव शटल. पंडितने त्याला शर्टात घालून घरी आणलं. तेव्हापासून दिवसभर घरात बसलेल्या माणसाजवळ येऊन बसणारं, आणि ज्याच्याशी बोलताना कान लागत नाहीत असं, ते एकटंच होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

मुलगी स्वाती कॉलेजातून आल्यावर मोबाइल घेऊन बसली. कुत्र्यांना शिकवण्याचे व्हिडिओ तिने तीन पाहिले.

"पप्पा, त्याला एक जागा द्यायची. जेवण होईपर्यंत तिथेच. उठलं की परत न्यायचं. बसलं की बक्षीस."

जागा ठरली. दाराशेजारी बारदानाची घडी. बुधवारी दुपारी शटलला त्यावर बसवलं. ताटं वाढली तसं ते उठलं. पंडित म्हणाला, "बस!" ते उड्या मारू लागलं. सरलाबाई म्हणाल्या, "बस खाले!" ते गोल फिरू लागलं. स्वातीने इंग्रजीत सांगून पाहिलं, तर ते तिच्या ओढणीला लोंबकळलं.

"आता मराठी, अहिराणी, इंग्लिश सगळं झालं," स्वाती म्हणाली. "इथलं गुजराती राहिलं. शांति राख ने, भाई."

शटलने भुंकून उत्तर दिलं. सरलाबाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड पुसून टाकलं.

गुरुवारी पंडितने वेगळं केलं. स्वतःचं ताट बाजूला ठेवून तो बारदानाजवळ बसला आणि एक हात पिल्लाच्या पाठीवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. पिल्लू हळूहळू पसरलं. बरगड्या सावकाश वरखाली होत होत्या. समोर सरलाबाई आणि स्वाती जेवत होत्या. सरलाबाईंनी त्याच्याकडे पाहून काहीतरी विचारलं आणि त्यांचे ओठ हलताक्षणी पंडितच्या तळहाताखालचं अंग दचकलं. भाजी हवी का, एवढंच त्या विचारत होत्या.

"नको," पंडित म्हणाला.

पिल्लू अजून जोरात दचकलं. पाय ताठ झाले, शेपूट जमिनीवर आपटू लागलं.

पंडितने तळहात जागेवरच ठेवला. मग मुद्दाम, काही कारण नसताना, म्हणाला, "पाणी." तळहाताखाली तोच धक्का. स्वतःचा आवाज त्याला कित्येक वर्षांत नीट ऐकू आला नव्हता. तो आज हातात आला.

त्याने स्वातीला जवळ बोलावलं. "मी इतला जोरमा बोलस?"

स्वातीने आईकडे पाहिलं. मग वडिलांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तुम्ही जेवायला बसलात की खालच्या काकींना कळतं, आज आपल्याकडे काय भाजी आहे."

"आनि तुम्ही?"

"आम्ही पण. तुमच्यामुळे. आता सवयच झाली."

म्हणजे पिल्लाला कोणी दांडगाई शिकवली नव्हती. ताटं मांडली की घरातली तिन्ही माणसं ओरडायला लागतात, एवढंच त्याने पाहिलं होतं. ते आपलं त्यांच्यात सामील होत होतं.

कारखान्यात मात्र कोणी ओरडत नसे. शंभर लूमच्या खडखडाटात ओरडून उपयोगच नव्हता. तिथे हात बोलत. अंगठा ओठांकडे नेला की चहा. दोन बोटं कात्रीसारखी चालवली की धागा तुटला. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ येतोय. तळहात जमिनीकडे करून सावकाश खाली आणला की थांब, लूम बंद ठेव.

गुरुवारी संध्याकाळी पंडितने शटलसमोर तळहात धरला आणि सावकाश खाली आणला. तोंड मिटलेलं. पिल्लू हाताकडे पाहत राहिलं आणि हाताबरोबर त्याचं बूडही खाली गेलं. भाकरीचा तुकडा त्याला लगेच मिळाला. दुसऱ्यांदा दहा मोजून. तिसऱ्यांदा वीस.

शुक्रवारचं जेवण तिघांनी न बोलता केलं. खुणा पंडितने शिकवल्या. स्वातीने पटापट उचलल्या आणि दोन नव्या काढल्या. त्यातली एक मिठासाठी होती आणि दुसरी आईच्या रागासाठी. सरलाबाईंनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. शटल अकरा मिनिटं बारदानावर बसलं. मग उठलं. परत नेलं, तर बसलं.

जेवण झाल्यावर सरलाबाई ताटं गोळा करता करता थांबल्या. त्यांनी पंडितला खुणेने विचारलं: तिथे कारखान्यात, दिवसभर, असंच?

त्याने मान हलवली. मग उत्साहाने आणखी काही खुणा करून दाखवल्या. जळगावकडचा एक कारीगर नुसत्या हातांनी विनोद सांगायचा, त्यातला एक करून दाखवला. स्वाती हसली. सरलाबाई हसल्या नाहीत.

"इतला वरीस तुम्ही तठे इतलं बोलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्याने ओठांवरून वाचलं. "आनि घर ईसन मुका."

लूम बंद झाल्यावर हात घरी न्यायचे असतात, पण घरीही त्यांनी बोलायचं असतं हे पंडितच्या मनातच आलं नव्हतं. त्याने ताटं त्यांच्या हातातून घेतली आणि मोरीत नेऊन ठेवली. हे त्याने पहिल्यांदाच केलं.

शनिवारी शटल पूर्ण जेवणभर बसलं. फक्त शेपूट हललं.

संध्याकाळी पंडित बायकोसमोर बसला. आवाज किती ठेवायचा ते कळत नसल्याने त्याने जवळजवळ नुसते ओठ हलवले. "शालिग्रामले सांगी देऊत का? हळू बोल म्हनीसन?"

सरलाबाईंनी मान हलवली. नाही. "पाहुणा शे तो. जेवाले बलाडानं आनि गप बस सांगानं?"

तेही खरं होतं. शालिग्राम ऊस तोलण्याच्या काट्यावर काम करायचा, ट्रकच्या इंजिनांवरून आवाज द्यायची त्याला सवय. बहिरा दाजी समोर असला की तो आवाज दुप्पट व्हायचा. त्याच्या लेखी ती माया होती.

रविवारी पावणेएकला तो आला. पिशवीत गुळाची ढेप आणि कुत्र्याची एक नवी साखळी. साखळी त्याने दाराच्या खिळ्याला अडकवली. जेवायला भरीत, कळण्याची भाकरी आणि वरण होतं. पंडितने तळहात खाली आणला, शटल बारदानावर बसलं. एक वाजता सगळे ताटावर बसले. शालिग्राम दोन घास गप्प होता. स्वाती त्याच्याकडे पाहत होती, पंडित पिल्लाकडे.

मग शालिग्रामने घास गिळला, मांडीवर थाप मारली आणि काट्यावरचा आवाज काढला. "काय दाजी. कसं काय शे मग?"

शटल उभं राहिलं. पुढचे दोन्ही पाय बारदानाबाहेर आले. पंडितचा उजवा हात भरताने माखलेला, डाव्यात पाण्याचा तांब्या. तो तांब्या खाली ठेवायला वाकला तोवर सरलाबाईंचा हात उठला होता. भाकरीच्या पिठाने अजून पांढरा असलेला डावा तळहात त्यांनी जमिनीकडे केला आणि सावकाश खाली आणला. डाव्या पावलाला अजून पट्टी होती.

शटलने त्या हाताकडे पाहिलं. मग वरणाच्या वाटीकडे. मग पुन्हा हाताकडे.

"हे काय चालनं?" शालिग्रामने त्याच आवाजात विचारलं.

एक वाजून दहा मिनिटांनी पिल्लाचे मागचे पाय बारदानावर होते, पुढचे फरशीवर. वाटी सरळ होती आणि साखळी अजून खिळ्यालाच. सरलाबाईंनी हात मागे घेतला नव्हता.