सात मासे आणि दोन मिनिटं

ही गोष्ट २०१२ सालची. त्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या क्रॅन्स्टनला हिवाळा नावापुरताच आला आणि अंगणातल्या अंजिराला गुंडाळलेली पोती मी मार्च उजाडताच सोडून टाकली. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा फ्लोरिडात होता. रोज माझ्या घरी येणारं माणूस एकच, माझ्या भावाची नात रेनाता. ती मला झीया लिंडा म्हणायची. झीया म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळं एकच.

माझा भाऊ निकांद्रो त्याच्या दोन वर्षं आधी गेला. अर्धांगाचा झटका आला आणि पन्नास वर्षं बोललेलं इंग्रजी एका सकाळी पुसून गेलं. उरलं ते फक्त इटालियन. इस्पितळात तो पाणी मागायचा आणि नर्स त्याची उशी सारखी करायची. पंधरा वर्षांची रेनाता शाळेतून थेट तिथे जाऊन बसायची आणि जमेल तेवढं नर्सला सांगायची. पण आजोबांना नेमकं कुठे आणि कसं दुखतंय, हे शेवटपर्यंत तिला नीट सांगता आलं नाही. ते तिच्या मनाला लागून राहिलं.

म्हणून तिने ठरवलं, इस्पितळात दुभाषी व्हायचं. बॉस्टनच्या एका कॉलेजात तसा अभ्यासक्रम होता. पण त्यांची अट होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी इटालियनची जी मोठी परीक्षा असते, कॉलेजच्या दर्जाची, तिच्यात पाचपैकी चार मिळाले तरच जागा.

जानेवारीत शाळेने सराव परीक्षा घेतली. रेनाताला दोन मिळाले.

ती आली तेव्हा मी खालच्या स्वयंपाकघरात होते. आमच्या लोकांच्या घरी स्वयंपाकघरं दोन असतात. वरचं पाहुण्यांनी बघायला, तिथे ओट्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. आणि तळघरातलं रांधायला. रेनाताने दप्तर खुर्चीवर टाकलं, कोटसुद्धा काढला नाही.

"झीया, नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण सात मासे का करतो?"

"कारण सातच करतात."

"कोण?"

"सगळे. देवाने सात दिवसांत जग केलं. तुझ्या बापाला विचार, लहानपणी टेबलाखाली बसून मोजायचा."

"इटलीत कोणी सात मोजत नाही म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सिन्योरा बेर्तोल्दी."

ही तिची इटालियनची शिक्षिका; सिन्योरा म्हणजे बाई. "ती उत्तरेकडच्या त्रेंतोची," मी म्हटलं. "तिकडे लोक सगळं लोण्यात परततात. तिला माशातलं काय कळतंय?"

"तिने मला दोन दिलेत, झीया."

मग सगळं बाहेर आलं. परीक्षेत शेवटी एक बोलायचा प्रश्न असतो. इटलीतली एखादी रीत आणि आपल्या गावातली रीत यांची तुलना करायची. विचार करायला चार मिनिटं, बोलायला दोन. आपला आवाज यंत्रात टिपला जातो. विषय होता सणाचं जेवण. रेनाता दोन मिनिटं न अडखळता बोलली होती. इटलीत घरोघरी सात मासे करतात, आमच्याकडेही सात मासे करतात, तिकडे कॉड खारवलेला असतो, आमच्याकडेही खारवलेला असतो. सिन्योरा बेर्तोल्दीने वर्गासमोर विचारलं होतं, "अगं, तू एकच घर दोनदा सांगितलंस. इटली कुठे गेली?"

"मी सांगितलं, माझी झीया तिथून आलीय, तिला माहीत आहे," रेनाता म्हणाली. "तर ती म्हणाली, मग झीयाला विचार, तिची आई कुठले सात करायची. सांग, मी लिहून घेते."

तिने वही उघडली. मी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "कॉड."

"पुढे?"

पुढे माझ्या तोंडात आलेलं नाव वामचं होतं. पण आमचं गाव मोलिसेच्या डोंगरात. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नेपल्सच्या बंदरात, जहाजावर चढताना, एकोणिसाव्या वर्षी. तिथे वाम कुठून येणार? माकूळ कुठून, तिसऱ्या कुठून?

"उद्या सांगते," मी म्हटलं. "आत्ता विसरले."

"अंजिराला कुठल्या साली किती फळं आली ते तू विसरत नाहीस, झीया."

ती न जेवताच गेली. रागावून गेली असती तर बरं वाटलं असतं. पण ती शांतपणे गेली, आणि जाताना म्हणाली, "पोपच्या वेळीही असंच झालं. मला वाटत होतं मला येतंय." पोप म्हणजे तिचे आजोबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी गावी फोन लावला. तिकडे दुपारचे चार. माझी धाकटी बहीण नुन्झियाता आयुष्यभर गावातच राहिलेली, आणि फोनवरसुद्धा डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखी बोलते.

"आई नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय करायची?" मी विचारलं.

"बरी आहेस ना तू? डॉक्टरकडे गेली होतीस?"

"सांग ना."

"कॉड. दुसरं काय? तीन दिवस पाण्यात घातलेला. मधला तुकडा बाबांचा, शेपटी आपल्या दोघींची. आणि परतलेली कोबी."

"बाकीचे सहा मासे?"

नुन्झियाता इतका वेळ हसली की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "अगं बाई, सात मासे तूच कळवलेस आम्हाला. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला तुझं पत्र आलं होतं. 'इथे सासूबाई सात प्रकारचे मासे करतात, न केले तर लोक नावं ठेवतात, मला अजून वाम सोलता येत नाही.' आईला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. मग ती पत्र घेऊन विहिरीवर गेली आणि मला पुन्हा वाचायला लावलं, सगळ्या बायकांसमोर. आठवड्याभरात सगळ्या गावाला पाठ झालं. लिंडाकडे सात मासे."

मला ते पत्र आठवत नव्हतं. पण सोलताना हातातून सुटलेली आणि सिंकमध्ये वळवळणारी ती वाम एकदम आठवली, आणि सासूबाईंचं म्हणणं, "डोंगरातली पोर आणलीय." म्हणजे मला एके काळी सगळं ठाऊक होतं. पन्नास नाताळांत मी ते कुठे ठेवून दिलं आणि सात मासे माझ्या आईच्या टेबलावर कधी मांडून टाकले, मला कळलंसुद्धा नाही.

मी फोन ठेवला. पोरीला काय सांगणार होते? झीयाने तुला चुकीचं शिकवलं, एवढंच. पण खरं सांगू का, थोडं हलकंही वाटत होतं. इतकी वर्षं आईच्या नावाने जे रांधत होते, त्यातला एक कॉड तरी खरोखर तिचा निघाला होता.

संध्याकाळी रेनाता आली तेव्हा मी सगळं सांगितलं, पत्रासकट.

"म्हणजे तिकडे एक, आणि इथे सात," ती म्हणाली.

"हो. माफ कर मला."

"माफ कशाला करू? हीच तर तुलना आहे. तिकडे एकच परवडायचा, इथे आल्यावर सात झाले. तू पत्र लिहिलंस आणि पणजीने ते विहिरीवर वाचून घेतलं. झीया, हे दोन मिनिटांत बसणार नाही."

"बसवू," मी म्हटलं, आणि अंडी उकडायचा टायमर टेबलावर ठेवला.

मग मे महिन्यापर्यंत आमचं तळघर म्हणजे शाळा झाली. रोज एक विषय. तिकडची लग्नं आणि इथली लग्नं, तिकडचं मरण आणि इथलं मरण. मला आठवायचं नाही तेव्हा नुन्झियाताला फोन. ती म्हणायची, "तुझ्या त्या पोरीला सांग, परीक्षेला मीच येऊन बसते."

बोलण्याच्या परीक्षेत अनोळखी माणसाशी संभाषणही असतं. रेनाता सगळ्या जगाला अरे-तुरे करायची, कारण घरात तेच ऐकलेलं. म्हणून मी कधी वाचनालयातली बाई व्हायचे, कधी दवाखान्यातली.

"आपल्याला काय हवंय, मुली?"

"आपण मला एक पुस्तक... झीया, रस्सा लागतोय तुझा."

"मी झीया नाही. मी सिन्योरा आहे. माझा रस्सा लागत नाही."

"आपला रस्सा लागतोय, सिन्योरा."

तो खरंच लागला होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मला घरात बसवेना. मी कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन टोमॅटो लावलेला थंड पिझ्झा घेतला आणि तिथेच बाकावर बसले. तासाभराने गल्ल्यावरची फ्लोरा म्हणाली, "लिंडा, तू तो खातेस की त्याची राखण करतेस?" परीक्षा संपल्यावर थोड्या वेळाने मी घरी आले, तर रेनाता मागच्या पायरीवर बसली होती.

"काय विचारलं?"

"दोन दिवस सांगायचं नाही. नियम आहे."

"मला सांगितलंस तर कोण धरणार आहे?"

"तू नुन्झियाताला सांगशील. मग विहिरीवर वाचन होईल."

दोन दिवसांनी तिने सांगितलं. सणाचं जेवण आलंच नव्हतं. माशांबद्दल अवाक्षर नाही. प्रश्न होता घर आणि शेजार यांचा, म्हणजे नेमका आम्ही कधीच न केलेला. "अरे देवा, मग गेलं सगळं?" मी म्हटलं.

"पहिलं मिनिटभर मलाही तसंच वाटलं," रेनाता म्हणाली. "मग म्हटलं, तिकडे एक, इथे किती? नुन्झियाताचं स्वयंपाकघर एकच, त्याचं दार गल्लीत उघडतं, येणारी-जाणारी बाई झाकण उघडून बघते. इथे आपली दोन. वरचं लोकांसाठी आणि खालचं आपल्यासाठी. मी सांगितलं की इथे आल्यावर गल्ली राहिली नाही, म्हणून तुम्ही ती तळघरात नेलीत. शेजारणी मागच्या दाराने खालीच येतात, वर कोणी बसत नाही."

"म्हणजे आपण वर रांधत नाही हे तू यंत्रात सांगितलंस?"

"सांगितलं."

"आता ते ऐकणार कोण?"

"तपासणारे. कदाचित त्यांच्याकडेही तळघर असेल."

जुलैमध्ये पाकीट आलं. ते तिने स्वतः फोडलं नाही, माझ्याकडे घेऊन आली. माझे हात पिठाचे होते, तशाच हातांनी मी ते सुरीने कापलं. चार. मी तो आकडा तिला दाखवला आणि ती खालच्या पायरीवर बसली, डोकं गुडघ्यांत घातलं आणि मोठा श्वास सोडला. मीही खुर्ची ओढून बसले. नंतर मी तिला उरलेली खारी बिस्किटं वाढली आणि ती सगळी संपवली तिने, जानेवारीपासून पहिल्यांदा मला खा म्हणावं लागलं नाही.

त्याला आता तेरा वर्षं झाली. सिन्योरा बेर्तोल्दी निवृत्त झाली. एकटी राहते म्हणून मी तिला एका नाताळाला बोलावलं, तेव्हापासून दर वर्षी येते, सात मोजते आणि कॉडला लोणी मागते. मी देत नाही. बेकरीतल्या फ्लोराने दुकान मुलाला दिलं, पण गल्ल्यावर अजून तीच. नुन्झियाता २०१९ मध्ये गेली. त्या फोननंतर तिने आपल्या सुनांना डोंगरात सात मासे करायला लावले होते, डब्यातले सार्डिन धरून. अमेरिकेची रीत आहे म्हणायची.

रेनाता बॉस्टनच्या एका इस्पितळात दुभाषी आहे. तिथे आता फार थोडे आमचे म्हातारे उरलेत. ती सांगते, पहिला प्रश्न ती सगळ्यांना एकच विचारते, आपल्याला कुठे दुखतंय. आणि 'आपल्याला'च म्हणते.

मी शहाऐंशीची आहे. गुडघ्यांमुळे तळघराचा जिना झेपत नाही, म्हणून आता वरच रांधते. पहिल्या दिवशी ओट्यावर तेल उडालं तेव्हा जीव खालीवर झाला. मग पुसलं, आणि कॉड भिजत घातला.