आचारी आजोबांच्या गालावरचा फेस

मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. केस विरळ झालेत, लाकडी मुठीचा रंग उडालाय. हसू नका, मित्रांनो! एके काळी माझ्यासाठी एक बाई भर उन्हात धापा टाकत दुकानात आली होती.

कारखान्यात कृत्रिम केसांची घट्ट जुडी गोंदाने मुठीत बसवली आणि माझा जन्म झाला. दुकानात माझ्या एका बाजूला मखमली डबीतला महागडा ब्रश ऐटीत बसे, दुसऱ्या बाजूला अगदी स्वस्त ब्रशांची टोपली. मधल्या मला कोणी ढुंकूनही पाहत नसे.

त्या बाईचे सासरे जहाजावर आचारी होते. कित्येक महिन्यांनी भलीमोठी दाढी घेऊन ते घरी आले, तर चिमुरडी नात घाबरून पलंगाखाली शिरली. त्यांनी कात्री चालवली, मग हातानेच साबण चोळून पाते फिरवले. फेस जेमतेम आला, रक्त मात्र निघाले. अर्धा गाल साफ, अर्धा जंगल! पोरीने भोकाडच पसरले. आणि जहाज बंदरात एकच दिवस थांबणार होते, संध्याकाळी त्यांना परत ते गाठायचे होते!

"हा न्या ताई, राजेशाही माल," दुकानदाराने मखमली डबी पुढे केली.

"आमचे बाबा राजे नाहीत हो, कांदे चिरतात."

तिने टोपलीतला ब्रश तळहातावर दाबला. तो आडवा झाला, उठलाच नाही. मग मला दाबले. मी टुणकन उभा! तिने मला गालावर फिरवले. "टोचत नाही. हाच द्या."

पण घरी माझ्यावर संकटच कोसळले. आजोबांनी मला थेट उकळत्या पाण्यात टाकले! गोंद सैल झाला, चार केस तरंगू लागले.

"अहो बाबा, तो काय चमचा आहे?" सुनेने मला चिमट्याने ओढून काढले.

"जहाजावर नवी वस्तू उकळल्याशिवाय वापरत नाही आम्ही, सूनबाई."

"मग गालही घ्या उकळून!"

तिने मला कोमट पाण्यात बुडवून झटकले, साबणावर फिरवले. "आता वाटीत अंडी फेटता तसं फेटा. पाणी थेंबाथेंबानं."

अंडी म्हणताच आजोबांचे मनगट गरगर फिरू लागले. काय सांगू, मित्रांनो! फेस चढला, घट्ट झाला, वाटीबाहेर डोकावला! पाते लोण्यातून जावे तसे गालावरून गेले.

पलंगाखालून आवाज आला, "मला पण फेस!"

आजोबा जागचे हलले नाहीत. पोर रांगत बाहेर आली, त्यांच्या नाकाला फेस फासला आणि खिदळत मांडीवर चढून बसली. जहाजावर निघताना त्यांनी मला शर्टाच्या खिशात ठेवले.

पुढे अनेक बंदरांवर मी फेस काढला. कधी कौतुक झाले, कधी ओलाच मगात कुबट पडून राहिलो. मित्रांनो, काम झाले की मला धुवा, झटका आणि केस खाली करून टांगा. एवढ्यावर मी वर्षानुवर्षे टिकतो.

आता आजोबांचे हात थरथरतात. रोज सकाळी वाटीत फेस नात फेटते. त्यांची हनुवटी बोटांनी वर करून ती दटावते, "तोंड मिटा हो आजोबा, खाल नाहीतर!"

आजोबा हसतात. मग फेस खातातच.